वाचकांचे प्रश्न : प्राँगहॉर्नपुढे बनावट नर

प्रश्न : नोकरीनिमित्त मी अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील कॅस्पर येथे राहतो आणि गेल्या वर्षापासून रीतसर परवाना काढून धनुष्याने प्राँगहॉर्नची (तिकडच्या माळरानावरील हरणासारख्या प्राण्याची) शिकार करण्याचा प्रयत्न करीत आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी मादीचा घडीचा डिकॉय, म्हणजे भुलवण्यासाठीची बनावट प्रतिकृती, माळावर उभा करून त्यामागे बसलो. कळपाने सुमारे तीनशे यार्डांवरून दोन-तीन मिनिटे टक लावून पाहिले आणि शेपटीभोवतीचे पांढरे केस फुलवून पळ काढला. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. दोष डिकॉयचा की माझा?
– एक वाचक, कॅस्पर

उत्तर : दोष बहुधा दोघांचाही नाही, आपला मुहूर्त चुकला. डिकॉयने प्राँगहॉर्नचे डोळे फसतात, अशी अनेकांची समजूत असते, परंतु मोकळ्या माळावर मैलभरावरची हालचाल टिपणारे ते डोळे फसवणे फार अवघड आहे. फसवायचा असतो तो माजावर आलेल्या नराचा स्वभाव, आणि तो वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडेच फसण्याच्या अवस्थेत असतो. सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास नर माद्यांचा कळप राखू लागतो आणि दुसरा नर जवळ दिसला की त्याला हाकलण्यासाठी धावून जातो. ऑगस्टमध्ये हा मत्सर पुरता जागा झालेला नसतो, म्हणून जाणते धनुर्धारी त्या महिन्यात पाणवठ्याजवळच्या आडोशात तासन्‌तास बसणे पसंत करतात. या प्राण्याला कुतूहल असते हे खरे, आणि एकोणिसाव्या शतकातील शिकारी काठीला फडके बांधून, ते हलवून त्याला जवळ आणीत, हेही खरे; मात्र नुसत्या कुतूहलावर तो बाणाच्या टप्प्यात येईलच, असा भरवसा धरता येत नाही.

दुसरी गोष्ट, मादीऐवजी आखूड शिंगांच्या तरुण नराची प्रतिकृती घ्यावी. मोठ्या शिंगांचा डिकॉय दिसला, तर मध्यम ताकदीचा नर बिचकून दूर राहण्याची शक्यता असते; उलट कोवळा प्रतिस्पर्धी हाकलून देणे कोणत्याही नराला सोपे वाटते. डिकॉय दूर रोवून वाट पाहण्यापेक्षा तो बरोबर घेऊन जाणे अधिक उपयोगी ठरते. चढाचा किंवा घळीचा आधार घेत, शक्य तिथे गुडघ्यांवर रांगत कळपापासून दोनशे यार्डांच्या आत पोहोचावे आणि नर आपल्याकडे पाहत असतानाच, जणू एखादा उपरा त्याच्या हद्दीत शिरला आहे अशा रीतीने, डिकॉय हळूच वर करावा. आपण दोघे असाल तर एकाने डिकॉय धरावा आणि दुसऱ्याने त्याच्या आड धनुष्य सज्ज ठेवावे. हीच जोडी सर्वांत सोयीची. एकटे असाल तर डिकॉयचा खुंटा जमिनीत घट्ट रोवावा, कारण तिथल्या वाऱ्यात फडफडणारे कापड पाहून आलेला नरही माघारी फिरतो.

यापुढचा भाग आपण सांगितलेल्या दोन दिवसांत आलाच नाही, तरीही तोच निर्णायक असतो. नर भरधाव येतो, साठ-सत्तर यार्डांवर एकदम थबकतो, मानेवरची आखूड आयाळ उभी करतो, फुरफुरतो आणि मग डिकॉयला वळसा घालू लागतो. अनेकांचा हात इथेच घाई करतो. समोरच्या दोन-तीन सेजब्रशच्या झुडपांचे अंतर आधीच मोजून ठेवलेले असले, तर त्या क्षणी अंतरमापक डोळ्याला लावण्याची हालचाल टळते. दोरी ओढायची ती नर दुसरीकडे पाहत असताना किंवा आपण डिकॉयमागे पूर्ण झाकलेले असतानाच. तो छाती समोर करून उभा असेल तर बाण सोडू नये. प्रतिस्पर्ध्याला आपला आकार दाखवण्यासाठी तो पुष्कळदा स्वतःच आडवा होतो, आणि तेव्हा खांद्यामागची फुप्फुसांची जागा उघडी पडते. स्वतःचा नेम चाळीस यार्डांपर्यंतच खात्रीचा असेल, तर पन्नासावर उभा असलेला नर कितीही देखणा असला तरी जाऊ द्यावा.

एक सावधगिरी मात्र कधीही सोडू नये. डिकॉयला खरा प्राणी समजून कोणी गोळी झाडू शकतो, म्हणून बंदुकीच्या शिकारीचा हंगाम सुरू झालेल्या भागात तो वापरूच नये, आणि इतर वेळीही त्याची ने-आण घडी करून, भडक नारिंगी कापडात गुंडाळूनच करावी.

प्रश्न : अशा युक्त्या आपल्याकडेही होत्या का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : होत्या, आणि आपल्या भागाशी त्यांचा जवळचा संबंध आहे. गाय पारधी हे नावच मुळी शिकवलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ सरकण्याच्या पद्धतीवरून पडले. चरणाऱ्या गुरांना हरणे बुजत नाहीत, हे त्यामागचे मर्म. मोगल काळात पाळीव काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला रानटी नरावर सोडीत आणि झुंजीत दोघांची शिंगे अडकली की रानटी नर हाती लागे, म्हणजे तिथेही भांडवल नराच्या मत्सराचेच होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये आज काळविटाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे आपल्याकडे हा विषय इतिहासापुरताच उरतो. वायोमिंगमध्ये मात्र गाईची युक्ती अजून चालते, कारण प्राँगहॉर्नही पाळीव गुरांच्या आसपास निर्धास्त चरतात आणि गाईच्या आकाराचे घडीचे फलक तिथे विकत मिळतात. कॅस्परच्या वाचकांना यंदाही ऑगस्टमध्येच माळावर जायचे असेल, तर त्यांनी मादीचा डिकॉय घरी ठेवून गाईचा फलक न्यावा.