नाशिकच्या मुलानं स्की इन्स्ट्रक्टर व्हावं का?

प्रश्न: मुलगा यंदा बारावीला आहे. मनालीच्या सहलीत तासभर स्कीइंग केलं आणि तेव्हापासून 'मी स्की इन्स्ट्रक्टरच होणार' म्हणतो. यावर पोट भरेल का? सुरुवात कुठून करायची? – एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर:
नमस्कार ताई,

पोट भरेल, पण निव्वळ यावर नाही. गुलमर्ग, सोलांग, औली इथला हंगाम डिसेंबरअखेर ते मार्च. बर्फ उशिरा पडला की तोही आखडतो. उरलेल्या महिन्यांसाठी ट्रेक लीडर, शारीरिक शिक्षण, फिजिओथेरपी असं दुसरं काम हवंच. त्यामुळे पदवी सोडू देऊ नका.

बोर्डाची परीक्षा ऐन हंगामात येते, म्हणून पहिला कोर्स पुढच्या हिवाळ्यात. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचा बेसिक कोर्स 14 दिवसांचा. पुढे इंटरमीडिएट, ॲडव्हान्स. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे. नुसत्या सर्टिफिकेटवर समाधान मानू नये, चांगली ग्रेड मिळवावी. वरच्या कोर्सला तीच उपयोगी पडते.

आता खरं काम काय, ते त्याला सांगा. नवशिका घाबरला की मागे झुकतो. वजन टाचांवर जातं, स्कीची पुढची टोकं हलकी होतात, वळण बसत नाही आणि वेग वाढत जातो. इन्स्ट्रक्टरला हे लांबूनच दिसायला हवं: नडगी बुटाच्या जिभेला टेकलीय का, हात पुढे आहेत का. बाइंडिंगचंही (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी कळ) तसंच. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य बघून ते लावतात. फार घट्ट असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघ्याचा लिगामेंट जातो. फार सैल असेल तर वळणातच निसटते. दिवसभर तोच स्नोप्लाऊ (स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग आवरायची पहिली पायरी) नव्यानव्या लोकांना न कंटाळता शिकवायची आवड आहे का, हे त्यानं आधी पाहावं.

तोवर नाशिकमध्ये इनलाइन स्केटिंग करू द्या. स्केटच्या कडांवर तोल धरायची सवय लागते, ती स्कीला कामी येते. रामशेज किल्ला चढण्यापेक्षा सावकाश उतरणं मांड्यांना जास्त उपयोगी. संभाषणाचं इंग्रजीही पक्कं करा.

परदेशात कॅनडा, न्यूझीलंडच्या इन्स्ट्रक्टरसाठीच्या टप्प्याटप्प्याच्या (लेव्हल) परीक्षा चालतात, पण खरी अडचण व्हिसाची. ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा 2024 पासून भारतीयांना खुला आहे: वर्षाला 1,000 जागा, त्याही सोडतीनं. तिथला हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्या हंगामाच्या आड येत नाही.

गुडघ्याची जुनी दुखापत असेल, तर कोर्सच्या अर्जाआधीच ऑर्थोपेडिकना दाखवून घ्या.