दोरी, फक्की आणि गुण्या : लाइनआउटविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरून दसऱ्याच्या सुमारास पायाची कामे सुरू झाली की लाइनआउटविषयीच्या, म्हणजे इमारतीची आखणी जमिनीवर उतरवण्याविषयीच्या, शंका येऊ लागतात, आणि त्या बहुधा साधनांविषयीच असतात. डब्याला भोके केवढी पाडावीत, गुण्या (काटकोन पाहण्याचे साधन) किती फुटांचा करावा, नळी वापरावी की लेझर. घरी केलेल्या साधनांना माझा विरोध नाही. तपासून घेतलेले साधे साधन न तपासलेल्या महाग साधनापेक्षा केव्हाही बरे. परंतु माप कोठून घ्यावे, हे विचारणारे पत्र क्वचितच येते. त्यामुळे पुढील काही प्रश्नांना थोडक्यात आणि एका प्रश्नाला विस्ताराने उत्तर दिले आहे.

प्रश्न : जुन्या पत्र्याच्या डब्याच्या तळाला भोके पाडून, दांडा लावून फक्की (आखणीची पांढरी पूड) टाकण्याचे साधन केले आहे. त्यात कळीचा चुना दळून भरला तर चालेल का? (धायरी)

मुळीच चालणार नाही. कळीचा चुना ओलावा लागताच तापतो, घामेजलेल्या हातांना भाजतो आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टीवर बेततो. रांगोळीची किंवा संगमरवराची पूड भरा. चुना डोळ्यांत गेलाच तर किमान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. तूप किंवा दूध घालण्याचे ऐकीव उपाय करू नका.

प्रश्न : प्लास्टिकच्या बाटलीत सुती दोरी गुंडाळून आणि नीळ भरून स्लॅबवर रेघ मारण्याचे साधन बनवले आहे. निळीऐवजी गेरू वापरावा का? (वारजे)

पुसता येणाऱ्या खुणेसाठी नीळ आणि टिकणाऱ्या खुणेसाठी गेरू, एवढे लक्षात ठेवा. दिसणाऱ्या भिंतीवर किंवा फरशीवर गेरू मारू नका, कारण त्याचा डाग जात नाही. लांब अंतरावर दोरी एकाच झटक्यात मारली की ती मधोमध बाजूला सरकते. मध्यावर बोटाने दाबून धरावी आणि दोन्ही बाजू स्वतंत्रपणे माराव्यात. जोराचा वारा असेल तर थांबा.

प्रश्न : प्लायवूडच्या पट्ट्यांचा ३-४-५ फुटांचा गुण्या तयार केला आहे. ‘तीन-चार-पाच जुळले की काटकोन झाला, मग आणखी काही पाहायला नको,’ असे आमचे मिस्त्री म्हणतात. ते बरोबर आहे का? (आंबेगाव)

गणित बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. तीनचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, त्यांची बेरीज पंचवीस आणि तो पाचाचा वर्ग, याविषयी वाद नाही. अडचण आकाराची आहे. या लहान त्रिकोणाच्या पाच फुटी बाजूत केवळ ५ मिलिमीटरची चूक राहिली, आणि खिळ्याच्या जाडीने किंवा फुगलेल्या प्लायवूडने एवढी चूक सहज होते, तर त्याच गुण्याने आखलेली १२ मीटरची भिंत दुसऱ्या टोकाला सुमारे ८० मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांहून अधिक, तिरकी जाते. हाच त्रिकोण जमिनीवर स्टील टेपने ६-८-१० मीटरचा घेतला, तर ५ मिलिमीटरच्याच चुकीने तेवढ्याच भिंतीत साधारण १२ मिलिमीटरचा फरक पडतो. खोलीच्या कोपऱ्यात किंवा विटांच्या पहिल्या थरासाठी आपला गुण्या जरूर वापरा. इमारतीचा मुख्य काटकोन त्यावर सोपवू नका.

गुण्या तपासण्याची रीत सोपी आहे. सरळ रेघेवर तो ठेवून काटकोनात दुसरी रेघ ओढावी, मग त्याच बिंदूवर गुण्या उलटा करून पुन्हा रेघ ओढावी. दोन्ही रेघांमध्ये जे अंतर पडेल, त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे आयत झाला, असे सर्रास मानले जाते. समोरासमोरच्या दोन बाजू लहानमोठ्या असल्या तरी कर्ण सारखे येऊ शकतात. त्यामुळे समोरासमोरच्या बाजू आणि कर्ण, दोन्ही जुळले पाहिजेत.

प्रश्न : पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतो. दुकानदार म्हणतात, ‘नळी जुनी झाली, लेझर घ्या, चूक होणारच नाही.’ काय करावे? (हडपसर)

चूक होणारच नाही असे सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. खोक्यावर छापलेली अचूकता नव्या यंत्राची असते. दुचाकीच्या डिकीतून खडखडत नेलेल्या आणि एकदा पडलेल्या यंत्राची नव्हे. दहा मीटर अंतरावरच्या दोन खांबांवर नळीने खुणा करा आणि लेझरची रेघ त्या खुणांवर पडते का ते पाहा. फरक आला, तर प्रथम नळी पुन्हा तपासा आणि तरीही फरक राहिल्यास यंत्र दुरुस्तीला पाठवा. नळी वापरताना आत एकही बुडबुडा राहू नये, दोन्ही तोंडे उघडी असावीत आणि काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत येते ना, हे पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत एक टोक उन्हात आणि दुसरे सावलीत बराच वेळ ठेवू नये. तापलेले पाणी हलके होते आणि पातळीत काही मिलिमीटरचा फरक पडू शकतो. जोत्याची उंची ठरवताना मात्र रस्त्याची आणि ड्रेनेजची पातळी आर्किटेक्टकडून लेखी घ्यावी.

प्रश्न : दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे. ठेकेदाराने शेजाऱ्यांच्या कंपाउंड भिंतीपासून मापे घेऊन बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि फक्की टाकली. जेसीबीने खोदाई झाल्यावर निम्म्या खुंट्या गेल्या. ‘खड्ड्यांच्या मध्यापासून पुन्हा मापे घेऊ,’ असे ते म्हणतात. तसे चालेल का? (लोहगाव)

नाही. आणि आपले पत्र वाचून मला आश्चर्यही वाटले नाही, कारण अशा आशयाची पत्रे दरवर्षी येतात.

पहिली गोष्ट भिंतीची. शेजाऱ्यांची भिंत ही त्यांच्या सोयीने बांधलेली असते. ती हद्दीवर असेलच असे नाही आणि सरळ असेल असे तर मुळीच नाही. हद्द ठरते ती भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाकडून झालेल्या मोजणीने, आणि मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा) हातात असल्याशिवाय फक्कीचा डबा हातात घेऊ नये. अर्ज करून तारीख मिळण्यात वेळ जातो, हे मान्य आहे. परंतु मोजणी खोदाईनंतर करू, असे म्हणणारे लोक पुढे शेजाऱ्यांशी आणि महापालिकेशी एकाच वेळी भांडत बसतात. सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची अंतरे, हद्दीपासून मोजली जातात, आणि जोते मंजूर नकाशाप्रमाणे आहे का याची तपासणी होते, तेव्हा ठेकेदाराने कोणती भिंत धरली होती हे कोणीही विचारत नाही.

दुसरी गोष्ट खुणांची. खुंटी खड्ड्याच्या जागीच ठोकली, तर ती जेसीबीबरोबर जाणारच. प्रत्येक सेंटर लाइनच्या (कॉलमच्या मध्यांतून जाणाऱ्या रेषेच्या) दोन्ही टोकांना, खोदाईच्या कडेपासून किमान दीड-दोन मीटर बाहेर, विटांच्या किंवा काँक्रीटच्या बुरज्या (खुणेचे बुटके खांब) बांधाव्यात, त्यांच्या माथ्यावर सिमेंट लावून सेंटर लाइन खिळ्याने कोरावी आणि तिच्यावर ऑइल पेंट द्यावा. खर्च टाळायचाच असेल, तर दोन खुंट्यांवर आडवी फळी ठोकून तिच्यावर करवतीने खाच पाडली तरी चालते. हे घरगुती साधन मला सर्वांत अधिक पसंत आहे, कारण दोरी कितीही वेळा काढली तरी ती परत त्याच खाचेत बसते. पुण्याच्या मुरमात लाकडी खुंटी शिरत नाही, तेथे जाड सळईचा तुकडा ठोकून भोवती काँक्रीट घालावे. नदीकाठच्या काळ्या मातीत खुंटी सहज शिरते, पण माती भिजली-सुकली की फुगते-आक्रसते आणि खुंटी हलते. त्यामुळे तेथे बुरजीचा पाया खोल घ्यावा. बुरज्या ट्रकच्या वाटेत आणि मातीच्या ढिगाखाली येणार नाहीत, एवढे पाहणे ठेकेदाराचे कामच आहे.

तिसरी गोष्ट मापांची. कॉलमपासून कॉलमपर्यंत तुकड्यातुकड्याने माप घेतले आणि प्रत्येक वेळी ५ मिलिमीटर एकाच बाजूला चुकले, तर सहा गाळ्यांत (दोन कॉलममधील अंतरांत) ३० मिलिमीटर जमा होतात. टेप एका टोकाला धरून सर्व मापे एकाच शून्यापासून घ्यावीत.

आता खड्ड्यांविषयी. जेसीबीने काढलेला खड्डा फुटिंगपेक्षा (कॉलमखालच्या पायापेक्षा) मोठा असतो, त्याची कड ढासळते आणि त्याचा मध्य वीतभर सरकलेला असू शकतो. त्या मध्यावर कॉलम उभा केला, तर तो फुटिंगच्या मध्यावर येईल, पण वरच्या बीमच्या रेषेत येणार नाही. बीमच्या रेषेत आणला, तर फुटिंगच्या मध्यावरून सरकेल आणि फुटिंगवर असा वाकवणारा भार येईल, जो डिझाइनमध्ये धरलेलाच नाही. यासाठी आधी मूळ सेंटर लाइन नव्याने बुरज्यांवर आणाव्यात, पीसीसी (तळाचे बिनसळईचे साधे काँक्रीट) टाकावे, मग दोरी ताणून ओळंब्याने कॉलमचा मध्य पीसीसीवर उतरवावा. ‘लाइनआउट फुकट’ असे कोटेशनमध्ये लिहिणाऱ्या ठेकेदारांकडे माझे एकच मागणे असते, की त्याखाली आर्किटेक्टची आणि स्ट्रक्चरल सल्लागारांची तपासणीची सही असावी. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर टोटल स्टेशन (कोन आणि अंतरे मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) घेऊन येणाऱ्या सर्व्हेअरचे एका दिवसाचे शुल्क फार नसते. आपले काम आजच थांबवा आणि या तिघांना एकाच वेळी साइटवर बोलवा.

प्रश्न : मोबाइलमधील जीपीएसने प्लॉटचे कोपरे आखता येतात का? (बाणेर)

नाही, त्यात काही मीटरची चूक असते.

प्रश्न : तळमजल्याचे कॉलम भरून महिना झाला. एक कॉलम ओळीबाहेर तीन इंच आहे असे तेव्हाच लक्षात आले होते. ठेकेदार म्हणतात की वरच्या मजल्याला सळया वाकवून रेषेत आणू आणि खालचे प्लास्टरमध्ये झाकू. सल्ला द्यावा. (धानोरी)

तेव्हाच लक्षात आले होते, तर महिनाभर कशाची वाट पाहिली, हे मला समजले नाही. सळया जागेवर वाकवणे हा उपाय नव्हे. पुरेशा लांबीत आणि ठरावीक उतारापेक्षा जास्त तिरकी न जाता सळई वळवायची असते, आणि ते ड्रॉइंगमध्ये दाखवल्याशिवाय करायचे नसते. प्लास्टरने चूक फक्त दिसेनाशी होते. स्लॅबचे सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा तात्पुरता साचा आणि टेकू) चढवू नका. कॉलमचा मध्य दोन्ही दिशांना सेंटर लाइनपासून किती सरकला आहे, ओळंब्याने तो सरळ उभा आहे की कलला आहे, आणि फुटिंगचा मध्य कोठे आहे, ही मापे लिहून, छायाचित्रांसह मूळ डिझाइन करणाऱ्या स्ट्रक्चरल सल्लागारांना आजच द्या. कॉलम ठेवायचा, जॅकेटिंग करायचे (भोवती सळया-काँक्रीटचे आवरण घालायचे) की फोडायचा, हे तेच हिशेब करून सांगू शकतील. पत्रावरून मी सांगणार नाही, आणि ठेकेदारांनीही सांगू नये.