एंडोस्कोपी न करता अल्सर कळतो का?

पोट दुखतंय, डॉक्टर दुर्बीण घालायला सांगतायत, पण भीती वाटते. नुसत्या श्वासाच्या तपासणीवर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. त्याच तपासणीच्या भरवशावर मी सात-आठ महिने फुकट घालवले, म्हणून लिहितोय.

रात्री दोनच्या सुमाराला पोटात कुरतडायला लागायचं, काहीतरी खाल्लं की थांबायचं. थोरल्या भावाचं निदान तयारच होतं: "स्वभावच जळका तुझा, दुसरं काय होणार?" श्वासाची तपासणी निगेटिव्ह आली आणि त्याने तो कागद घरभर मिरवला. मी तेव्हा रोज पॅन्टोप्राझोल घेत होतो. कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. ॲसिड कमी करणाऱ्या या गोळ्या किमान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद नसेल, तर अल्सर करणारा पोटातला जंतू असूनही त्याला शोधणारी ही तपासणी चकवू शकते.

पुढे कंटाळून गोळ्या मीच सोडल्या. महिनाभराने एका सकाळी शौचाला काळंकुट्ट झालं. डांबरासारखं चिकट, दोनदा फ्लश केलं तरी भांडं सोडेना. ते पचलेलं रक्त असतं. त्याच दिवशी दुर्बीण आत गेली. उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पण काही मिनिटांत संपतं. जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे व्रण, म्हणजे अल्सर, निघाला. जठराच्या अस्तराचा कण पिवळ्या जेलवर ठेवला, तर ते गुलाबी झालं. म्हणजे तोच जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी! डॉक्टर बॅरी मार्शलने १९८४ साली हाच जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, २००५ साली त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं, आणि आमच्या घरात अजून माझा स्वभावच चाललाय.

तर, श्वासातून जंतू कळतो, व्रण दिसत नाही. वय कमी असेल आणि रक्तस्राव, वजन घटणं, गिळायला त्रास असलं काही नसेल, तर डॉक्टर आधी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करतात. तुम्हाला थेट दुर्बीण सांगितलीय तर कारण विचारा, पण टाळू नका. जठरातल्या व्रणाचा तुकडा तपासावाच लागतो, कॅन्सरही तसाच दिसू शकतो.

माझ्यासारखं स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. आणि हो, त्या वर्षी कंबरेसाठी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही चालू होतं, तेही व्रणाचं मोठं कारण. ते मी स्वतःच आणून खात होतो, त्यामुळे भावाला अजून सांगितलेलं नाही.