आठवीसाठी मंगळसूत्र गहाण ठेवू का?

प्रश्न : आम्ही नवी मुंबईत घणसोलीला राहतो. मिस्टर एपीएमसीच्या घाऊक बाजारात माथाडी आहेत. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीत आहे, शाळा तिथेच संपते. जाऊबाईंची मुलं इंग्रजी माध्यमात, म्हणून घरचे म्हणतात हिलाही तिकडेच घाला. एका खासगी शाळेने तिची परीक्षा घेतली, ‘कच्ची आहे’ म्हणाले आणि इमारत निधीचे ४०,००० मागितले. पावती मिळणार नाही. मंगळसूत्र गहाण ठेवू का?

ताई, ठेवू नका.

तुम्ही वहीच्या कागदावर लिहिलंत आणि त्याच्या मागे मुलीचं पेन्सिलीतलं गणित राहिलंय. सरळव्याजाचं. मुद्दल, द.सा.द.शे. दर, मुदत, सगळं एकाखाली एक मांडलंय. ही मुलगी कच्ची नाही. त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं असणार, आणि सात वर्षं मराठीत शिकलेली पोर बावरली असणार.

मुळात ती परीक्षा घ्यायचा त्यांना हक्कच नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ सांगतं की प्रवेशाच्या वेळी मुलांची चाळणी लावायची नाही आणि देणगीही घ्यायची नाही. आठवी या कायद्यात येते. देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत दंड आहे. पावती का देत नाहीत ते कळलं ना? महापालिकेच्या शिक्षण विभागात लेखी तक्रार करा, पोच घ्या.

आता शाळेचं. जवळची अनुदानित मराठी शाळा किंवा महापालिकेचीच माध्यमिक शाळा बघा, आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न विचारा : आठवीला सेमी आहे का? गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. अकरावीला सायन्स घ्यायचं मनात असेल तर हा पूल पुरतो. आठवीत एकदम सगळे विषय इंग्रजीतून म्हणजे इतिहाससुद्धा पाठ करून लिहायचा आणि लगेच दोन वर्षांत दहावी. हे मी कुणाही आईला सुचवणार नाही.

पैशाचंही ऐका. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे; किरकोळ खर्च होतो तेवढाच. शिवाय आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मुलगी उत्तीर्ण होऊन निवड यादीत आली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांनाच. विनाअनुदानित शाळेत घातलंत की हे दार बंद. घरच्यांना हे कुणी सांगितलं नसेल.

एक दिवस शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या राहा. मुली कशा जातात, चालत, एनएमएमटीच्या बसने की रिक्षात कोंबून, ते बघा आणि दोघी-तिघींच्या आयांशी बोला. माहितीपत्रकात हे नसतं. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत मागून ठेवा.

जाऊबाईंचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात त्या तीनदा आल्यात (छापताना दोनदा गाळलंय). पत्रात मुलीला काय हवंय हे मात्र एकदाही नाही. आज रात्री भाकरी करताना तिला विचारा, मिस्टर घरात असताना.

आणि मागचं गणित बरोबर आहे. उत्तरापुढे फक्त ‘रुपये’ लिहायचं राहिलंय.