इतिहास गाण्यात उतरवताना

इतिहासावरच्या अल्बमसाठीचा तुझा बारा गाण्यांचा आराखडा वाचला. मेहनत दिसते, पण जवळजवळ प्रत्येक कडव्यात एक सनावळी आहे. ती पुस्तिकेत छाप, गाऊ नकोस. दुष्काळावरच्या गाण्यात ‘दुष्काळ’ हा शब्दसुद्धा नको. विहिरीच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा दाखव, आणि यंदा दोर पुरेना म्हणून त्याला बांधलेलं जुनं कापड. एवढ्यावर ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडते. अशा गोष्टी राजांच्या चरित्रांत नसतात. जुनी पत्रं, जमिनीचे दस्त, तुरुंगाच्या नोंदी चाळ. प्रत्येक गाण्यात बोलणारा माणूस मात्र एकच ठेव.

गिटारची पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक स्वर उतरवून बघ. सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत स्वर होतात डी-ए-डी-जी-ए-डी. मोकळ्या तारांत मेजर की मायनर, म्हणजे उजळ छटा की उदास, हे ठरत नाही, तंबोऱ्यासारखा आधार घुमत राहतो. मला हे लावणं फार प्रिय आहे.

एलपी, म्हणजे दोन बाजूंची मोठी तबकडी, काढणार असशील तर एका बाजूला साधारण २२ मिनिटं धर आणि कथेतली फाळणी, स्थलांतर, जे काही असेल ते बाजू पलटताना येऊ दे. पारंपरिक चाल घेतलीस तर मूळ गाणाऱ्यांचा उल्लेख कर, आणि कुणाचं ध्वनिमुद्रण वापरायचं असेल तर आधी परवानगी घे.