संप कुणाचा, कुलूप कुणाचं? (वाचकांचे प्रश्न)

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार फुटबॉलवरची निघाली, आणि तीसुद्धा गोलबिल सोडून पैशाच्या भांडणावरची, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, राग मानू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. मी दाभोळचा. एकतीस वर्षं बोटीवर काढली, आता घरी कलमं बघतो. ह्यूस्टनला बोट लागली की तिथे अमेरिकन फुटबॉल बघायचो, ते वेड अजून आहे, सोमवारी पहाटे उठून मॅच लावतो. 2011 मध्ये या लोकांनी चार महिने सगळं बंद ठेवलं तेव्हा मी पार वैतागलो होतो. आता परत 18 मॅचेसची भाषा ऐकतोय, म्हणजे परत भांडण आलंच. मला सांगा, करोडोंनी कमावणाऱ्या माणसाला संप करायची गरज काय? आमच्याकडे एक म्हातारा म्हणतो, 'ह्यांका एवढे पैशे गावतत तरी संप कशाक?' मला पटतं त्याचं. आणि आम्ही फॅन लोकांनी कुणाकडे रडायचं?
एक वाचक, दाभोळ

उत्तर: काका, पहिल्यांदा एक दुरुस्ती करते, कारण माझं अर्धं उत्तर त्यातच आहे. 2011 मध्ये संप झालाच नव्हता, ती टाळेबंदी होती. 12 मार्चपासून 25 जुलैपर्यंत दारं मालकांनी बंद ठेवली होती, खेळाडू खेळायला तयार होते पण त्यांना क्लबच्या जिममध्ये जाता येत नव्हतं, कोचशी बोलता येत नव्हतं, आणि ऑपरेशन होऊन बरा होत असलेला माणूससुद्धा क्लबच्या डॉक्टरकडे जाऊ शकत नव्हता. तुम्ही बोटीवर होतात, तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपण काम थांबवणं आणि आपल्याला गँगवेवरच अडवणं यात किती फरक आहे.

भांडण कशावरून होतं तेही सांगते. अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, म्हणजे एनएफएलचा, वर्षाचा महसूल तेव्हा 9 अब्ज डॉलरच्या वर होता, त्यातला साधारण 1 अब्ज मालक खर्चापोटी आधीच बाजूला काढायचे आणि उरलेल्याची वाटणी व्हायची. मालकांना अजून जवळपास 1 अब्ज बाजूला काढायचे होते, वर 16 च्या जागी 18 मॅचेस पाहिजे होत्या. खेळाडूंची युनियन म्हणाली ठीक आहे, तुमचं भागत नाही म्हणताय ना, मग दहा वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब समोर ठेवा. ते काही पूर्ण ठेवले नाहीत. 32 टीम्सपैकी एकट्या ग्रीन बे पॅकर्सचा हिशेब सगळ्यांना दिसतो कारण त्या टीमचे शेअर्स सामान्य लोकांकडे आहेत, तिला एक मालक नाही, म्हणून युनियनला बोलताना त्याच आकड्यांचा आधार घ्यावा लागला. एवढा मोठा धंदा आणि वही एकाच टीमची उघडी.

आता तुमचा करोडोंचा मुद्दा. टीव्हीवर दिसतो तो क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, करोडो कमावतो, खरंय. पण टीममध्ये 53 जण असतात, युनियनच्या हिशेबाने सरासरी करिअर साडेतीन वर्षांच्या आतबाहेरचं, आणि बऱ्याच जणांचा करार असा की गुडघा गेला की पुढच्या वर्षाचा पगारही गेला. डोक्याला बसलेल्या धक्क्यांचे परिणाम तर वीस वीस वर्षांनी दिसायला लागतात, 2013 मध्ये लीगने माजी खेळाडूंच्या त्याच खटल्यात 76.5 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. 18 मॅचेस म्हणजे आपल्याला अजून दोन पहाटे मजा आणि त्यांना अजून दोन वेळा तसला मार. म्हणून 2011 च्या करारात खेळाडूंनी महसुलातला वाटा 47 टक्क्यांच्या आसपास मान्य केला पण 18 मॅचेस थांबवल्या आणि दिवसातून दोनदा पॅड घालून होणारा सराव बंद करून घेतला. त्या टाळेबंदीत बुडाली ती फक्त हंगामाआधीची एक प्रदर्शनी मॅच. पुढे 2020 मध्ये 17 मॅचेसचा करार आला तेव्हा खेळाडूंचं मतदान 1019 विरुद्ध 959 झालं, म्हणजे आपण 'हे प्लेअर लोक' म्हणतो तेसुद्धा एका मताचे नव्हते, 60 मतांनी ठरलं सगळं. तो करार 2030 च्या हंगामापर्यंत आहे, तेव्हा तुमची पहाट सध्या तरी सुरक्षित आहे.

काका, मला हा विषय एवढा लागतो त्याचं कारण सांगते. माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते आणि आम्ही राजापूरकडे गावाला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, डॉ. दत्ता सामंतांचा तो संप, आणि कोकणातल्या कितीतरी घरांची मनीऑर्डर एकदम बंद झाली. बाबा गावाला आले ते पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला जायला लागले. दुकानावर लोक काय बोलायचे ते मी मीठ आणायला गेले की ऐकायचे, गिरणीवाले माजले, चांगलं चाललं होतं, कशाला गेले त्या संपात. गिरणीच्या मालकाचं नाव आमच्या वाडीत एकालाही माहीत नव्हतं, बाबांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, मग राग कुणावर निघणार?

आणि बघा, त्याच 1982 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या या खेळाडूंनीही संप केला, तो मात्र खराच संप, 57 दिवस चालला, 16 मॅचेसचा हंगाम 9 वर आला. महसुलातला 55 टक्के वाटा मागत होते, तो मिळाला नाही. टीव्हीवाल्यांनी रविवार भरायला छोट्या कॉलेजांच्या मॅचेस दाखवल्या. तिकडचे फॅनही खेळाडूंवरच जास्त चिडले कारण जर्सीवर नाव खेळाडूचं असतं. गिरणी कामगार आणि फुटबॉलवाले सारखे असं मी म्हणत नाही, भाकरीची तुलना बंगल्याशी होत नाही, पण बघणाऱ्याचा राग ज्या वाटेने जातो ती वाट मला अगदी तीच दिसते. ज्याचा चेहरा ओळखीचा त्याला शिव्या.

म्हणून कुणाकडे रडायचं विचारलंत तर मी म्हणेन आधी विचारा, कुलूप कुणी लावलं. 2011 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला नव्या खेळाडूंची निवड चालू होती तेव्हा लीगचे कमिशनर रॉजर गुडेल स्टेजवर आले आणि हॉलमधल्या फॅन लोकांनी त्यांची हुर्यो केली, आम्हाला फुटबॉल पाहिजे म्हणून एकसुरात ओरडले. त्यांना बरोबर दार सापडलं होतं.

प्रश्न: फॅनने कितीही बोंबललं तरी फरक पडतो का? की आपलं फक्त रिचार्ज मारायचं आणि गप्प बघायचं?
एक वाचक, देवगड

उत्तर: पडतो, आणि कधी कधी दोन दिवसांत पडतो. 2012 मध्ये त्याच लीगने रेफरींना बाहेर ठेवलं, मुख्य भांडण पेन्शनचं, आणि बदली रेफरी आणले. तीन आठवडे लोक कुरकुरत होते. मग 24 सप्टेंबरला सिएटल विरुद्ध ग्रीन बे मॅचच्या शेवटच्या बॉलवर दोन टीम्सच्या दोघांनी एकाच वेळी कॅच धरला आणि शेजारी शेजारी उभ्या रेफरींपैकी एकाने टचडाऊन, म्हणजे गुण मिळाल्याची खूण, दाखवला, दुसऱ्याने हात हलवून घड्याळ थांबवलं. सिएटल 14-12 ने जिंकलं. त्या रात्री जो गदारोळ उठला तो असा की 26 तारखेला समझोता झाला. पुढच्या मॅचला बाल्टिमोरमध्ये जुने रेफरी मैदानावर आले तर अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. ज्या रेफरीला आयुष्यभर शिव्या दिल्या त्याच्यासाठी!

अजून एक आकडा लक्षात ठेवा, 4,074. खेळाडूंनी 1987 मध्ये परत संप केला तेव्हा मालकांनी बदली खेळाडू घेऊन तीन आठवडे मॅचेस खेळवल्या, त्यातल्या फिलाडेल्फियाच्या मॅचला एवढीच माणसं आली. ते कामगारांचं शहर, ट्रक ड्रायव्हरांची युनियन स्टेडियमबाहेर उभी होती. तरी तो संप फुटला हे पण सांगायला हवं, कारण बाकी शहरांत लोक गेले, टीव्हीवर बघितलं, आणि काही मोठे खेळाडूच परत आत गेले. खेळाडूंना टीम बदलायचं स्वातंत्र्य मिळालं ते पुढे कोर्टात लढून, 1993 मध्ये. आपल्या एसटीच्या संपात 2021 ला काय झालं आठवा, स्टँडवर अडकलेला माणूस पहिली शिवी कंडक्टरला द्यायचा. मीही दिली असती, कणकवलीला चार तास बसले होते तेव्हा, पण शेजारी बसलेल्या कंडक्टरच्या बायकोने तिच्या नवऱ्याच्या पगाराचा कागद दाखवला.

प्रश्न: आम्ही पाच जण सावंतवाडीहून एफसी गोवाच्या मॅचला फातोर्ड्याला जातो, पहिल्या सीझनपासून, 2014. 2025 मध्ये आयएसएल (आपली इंडियन सुपर लीग) लटकली तेव्हा आमच्या ग्रुपवर भांडणं झाली. काही म्हणाले प्लेअर गप्प का बसलेत, काही म्हणाले त्यांनी पगार बघू नये, देशासाठी खेळावं. बरोबर कोण?
एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: इथे ना संप होता ना कुणी खेळाडूंपुढे अटी ठेवल्या होत्या, इथे खेळाडूंना कुणी बोलणीत बसवलंच नव्हतं, आणि मला ते जास्त वाईट वाटतं. भारतीय फुटबॉल फेडरेशनचा आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार 2010 मधला, 15 वर्षांचा, डिसेंबर 2025 ला संपणारा. नव्या कराराचं अडलं, सुप्रीम कोर्टात फेडरेशनच्या घटनेची केस चालू, आणि जुलैमध्ये कंपनीने लीग थांबवली. काही क्लबांनी पगारच बंद केले. दोन मोठ्यांच्या कराराची तारीख चुकली आणि घरचा हप्ता चुकला लेफ्ट बॅकला खेळणाऱ्या पोराचा.

गप्प बसले म्हणाल तर तसंही नाही. जानेवारी 2026 मध्ये सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, तुमच्या एफसी गोवाचा संदेश झिंगन, या सगळ्यांनी व्हिडिओ काढून फिफाला हाक मारली. त्यानंतर काही दिवसांत क्रीडामंत्र्यांनी 14 फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल असं जाहीर केलं. 'देशासाठी खेळा' म्हणणाऱ्या मित्राला एवढंच विचारा, त्याच्या ऑफिसने सहा महिने पगार न देता देशासाठी फाइली पुढे सरकव म्हटलं तर तो काय करेल. राग मात्र सोडू नका, पुढच्या वेळी फातोर्ड्याला बॅनर नेलात तर त्यावर करार करणाऱ्या दोघांची नावं लिहा.

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ल्याची, कॉलेजच्या टीममध्ये गोलकीपर आहे. आमच्याकडच्या एका टूर्नामेंटमध्ये मुलांना जेवण, गाडी आणि मोठं बक्षीस, आम्हाला ट्रॉफी आणि वडापाव. मी बोलले तर मलाच काढतील अशी भीती वाटते. काय करू?
एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर: बाळा, तुझं अजिबात चुकत नाहीये. 2019 च्या महिला वर्ल्ड कप फायनलनंतर ल्योंच्या स्टेडियमवर लोक 'समान पगार' म्हणून ओरडत होते, अमेरिकेच्या मुली नुकत्या जिंकल्या होत्या, आणि तीन वर्षांनी त्यांच्या फेडरेशनला 2.4 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. स्पेनच्या मुलींनी सप्टेंबर 2023 मध्ये लीगची पहिली फेरीच खेळली नाही, तेव्हा त्यांचा कमीत कमी पगार वर्षाला 16,000 युरोवरून 21,000 वर गेला. दोन्हीकडे एकटी कुणीच बोलली नव्हती बघ.

तू पण एकटी जाऊ नकोस. मोठ्या रकमेपासून सुरुवात करू नका, आधी जेवण आणि गाडी मागा, ते नाकारताना आयोजकालाच लाज वाटेल. तोंडी नको, लेखी अर्ज द्या, तारीख टाकून, पोच घेऊन, टूर्नामेंटच्या आधी महिनाभर, आदल्या दिवशी नव्हे. मुलांच्या टीममधल्या दोघातिघांची सही मिळाली तर फार बरं, मागून बघा, ते देतात. आणि सह्या खाली ओळीने नका करू. पूर्वी बोटीवरचे खलाशी कॅप्टनकडे तक्रार करताना सह्या गोल करायचे, ताटाच्या कडेसारख्या, म्हणजे पहिली सही कुणाची ते कुणाला सांगता येत नाही.