भाड्याचं गॅरेज, हॉकीचा सराव आणि घरमालकाची नोटीस

प्रश्न : आम्ही जोडघराच्या एका भागात भाड्याने राहतो. आमची 13 वर्षांची मुलगी आइस हॉकी खेळते. रिंक (बर्फाचं मैदान) रोज मिळत नाही, म्हणून गॅरेजमध्ये प्लॅस्टिकच्या टाइल्स अंथरल्या, नेट ठेवलं आणि नेटच्या मागे भिंतीवर स्क्रूने प्लायवूड बसवलं. ही भिंत शेजाऱ्यांशी सामायिक आहे. आवाजाची त्यांची तक्रार आहे. हल्ली सराव सुरू झाला की ते पलीकडून हातोडा आपटतात. तीन महिन्यांत दोनदा पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) नेटच्या दांड्याला लागून उघड्या दारातून बाहेर गेला, दुसऱ्यांदा त्यांच्या गाडीची काच तडकली. आता घरमालकाने ‘सगळं 15 दिवसांत काढा, नाहीतर करार संपवतो’ अशी नोटीस दिली आहे. आपल्याच घरात मुलीने सराव करू नये असं कोणी म्हणू शकतं का? शनिवारी तिच्या संघातली मुलंही येतात, त्यांच्याकडून खर्चापुरते पैसे घेतो.

उत्तर : सरावाला सरसकट मनाई करणं कोणालाही अवघड जाईल. पण या प्रकरणात तुमची बाजू कच्ची आहे ती आवाजामुळे नव्हे, तर स्क्रूंमुळे. भाडेकरूला जागा वापरण्याचा हक्क असतो, घरमालकाला न विचारता भिंतीला भोकं पाडण्याचा सहसा नसतो. भाडेकरार काढा आणि दोन कलमं शोधा : एक फेरबदलांबद्दलचं, दुसरं गॅरेजच्या वापराबद्दलचं. ‘फक्त वाहन ठेवण्यासाठी’ असं लिहिलं असेल, तर नेटसुद्धा अडचणीत येतं. तसं नसेल तर टाइल्स आणि नेट या उचलून नेण्याच्या वस्तू आहेत, त्यांना फेरबदल म्हणता येणार नाही.

म्हणून नोटिशीला लेखी उत्तर द्या, आणि मुदतीच्या आत. प्लायवूड काढून भिंत पूर्ववत करतो असं त्यात स्पष्ट लिहा, काम झाल्यावर फोटो जोडा. बहुतेक करारांत चूक सुधारायला संधी दिल्याशिवाय करार संपवता येत नाही. ती संधी तुम्ही घेतलीत याचा पुरावा हवा. तोंडी ‘बघतो, करतो’ नको. मुदत नेमकी कशी मोजायची आणि भाडेकरूला किती संरक्षण आहे हे ठिकाणानुसार बदलतं, तेवढ्यापुरतं हे उत्तर पाठवण्याआधी स्थानिक वकिलाला दाखवा.

आता आवाज. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत शेजाऱ्याचा प्रत्येक आवाज म्हणजे उपद्रव, म्हणजे कोर्टात दाद मागता येईल असा त्रास, नव्हे. घराचा रोजचा साधा वापर, भिंती पातळ असल्या तरी, उपद्रव ठरत नाही, असं ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) 1999 मध्ये साउथवर्क विरुद्ध मिल्स या खटल्यात म्हटलं. पण सामायिक भिंतीवर पक हाणणं हा ‘साधा वापर’ आहे हे न्यायाधीशाला पटवायला मी उत्साहाने उभा राहणार नाही. नियमातला पक म्हणजे 7.6 सेंटिमीटर व्यासाची, 156 ते 170 ग्रॅम वजनाची टणक रबरी चकती. तिचा दणका हवेतून कमी आणि भिंतीच्या बांधकामातून जास्त जातो. नेट सामायिक भिंतीपासून हलवा, मागे घट्ट न ताणलेलं जाड कापड टांगा, टाइल्सखाली रबरी थर घाला, स्टिक-हँडलिंगला (स्टिकने पक खेळवत नेण्याच्या सरावाला) हलका चेंडू वापरा आणि शॉट्सची वेळ ठरवून शेजाऱ्यांना लेखी कळवा. कोर्ट आवाज किती वेळ, कोणत्या वेळी आणि टाळता येण्यासारखा होता का, हेच पाहतं.

कॅनडाचा प्रसिद्ध आइस हॉकीपटू सिडनी क्रॉसबी याने लहानपणी घराच्या तळघरात कपडे वाळवायच्या यंत्रावर पक मारून त्याला पोचे पाडले, ही गोष्ट तुमच्या मुलीला पाठ असेल. ते यंत्र त्याच्या आईवडिलांचं होतं.

शेजाऱ्यांचा हातोडा मात्र त्यांच्याच अंगलट येऊ शकतो. 1893 च्या क्रिस्टी विरुद्ध डेव्ही खटल्यात एका घरात संगीताचे धडे चालत. चिडलेला शेजारी भिंत ठोके, ट्रे बडवे, शिट्ट्या मारी. कोर्टाने मनाई हुकूम दिला तो शेजाऱ्याविरुद्ध, कारण त्याचा आवाज निव्वळ त्रास देण्यासाठी होता. तेव्हा तारीख आणि वेळ टिपून ठेवा. तुम्ही उलट ठोकू नका. ठोकलंत तर हा निकाल तुमच्याविरुद्ध वाचला जाईल.

गाडीच्या काचेचं काय? मुलाच्या हातून नुकसान झालं म्हणून पालक आपोआप जबाबदार ठरतात असं सहसा नसतं. पण नेट कुठे ठेवायचं आणि दार उघडं ठेवायचं हे तुम्ही ठरवलंत, तेव्हा हलगर्जीपणा तुमचा स्वतःचा म्हणता येतो. 1951 च्या बोल्टन विरुद्ध स्टोन खटल्यात क्रिकेटचा चेंडू रस्त्यावरच्या बाईंना लागला, तरी क्लब सुटला; सुमारे 30 वर्षांत चेंडू सहाएक वेळाच कुंपणाबाहेर गेला होता. 1977 च्या मिलर विरुद्ध जॅक्सनमध्ये चेंडू पुन्हा पुन्हा शेजारच्या घरांवर पडत होते. तिथे खेळ थांबवला गेला नाही, पण क्लबला भरपाई द्यावी लागली. तुमचा पक तीन महिन्यांत दोनदा बाहेर गेला आहे. पहिल्या वेळेनंतर धोका तुम्हाला माहीत होता, त्यामुळे तुम्ही दुसऱ्या खटल्याच्या जवळ आहात. काचेचे पैसे देऊन टाका असंच मी म्हणेन. फक्त आधी घराच्या विम्यात तृतीय पक्षाच्या नुकसानीचं संरक्षण आहे का ते पाहा आणि विमा कंपनीला कळवा. त्यांना न विचारता चूक लेखी कबूल केली, तर काही पॉलिसींत दावा नाकारला जातो. पैसे देताना ‘या काचेबद्दल आता काही मागणी राहिली नाही’ अशी सही घ्या. आणि सरावाच्या वेळी दार बंद.

शनिवारचे पैसे घेणं आजपासूनच बंद करा. रक्कम कितीही लहान असो, राहत्या जागेत धंदा चालतो असं म्हणायला घरमालकाला ती पुरेशी आहे, आणि घरगुती विमा धंद्यातली दुखापत बहुधा भरून देत नाही. मुलं फुकट आली तरी त्यांच्या सुरक्षिततेची काळजी घेण्याची जबाबदारी राहतेच. पालकांकडून ‘काही झालं तर आमची जबाबदारी’ असं लिहून घेतलंत, तरी अल्पवयीन मुलाच्या बाबतीत तो कागद अनेक ठिकाणी टिकत नाही. गॅरेजच्या वापराबद्दल घरमालकाची परवानगी लेखी मिळेपर्यंत तिथे फक्त मुलीलाच खेळू द्या.